कर्णिक सिस्टर आणि तिसरा महिना

कर्णिक सिस्टरांच्या दारात उभं राहिलेल्या माणसाला "या, बसा" हे शब्द लगेच ऐकायला मिळत नसत. आधी प्रश्न येई, "घरी सगळे बरे?" आपल्याकडे हा प्रश्न उत्तराची वाट न पाहता विचारला जातो. "हो, बरे" म्हणत माणूस चपला काढायला लागतो. सिस्टर मात्र कडीवर हात ठेवून थांबत. "बरे म्हणजे काय? ताप? खोकला? अंगावर काही?" तिन्हींना नाही म्हटलं की कडीवरचा हात खाली येई. एखाद्याला हो म्हणावं लागलं, तर त्याची खुर्ची जिन्याजवळच्या मोकळ्या जागेत मांडली जाई आणि चहा तिथेच मिळे. चहा उत्तम असे. कपबशी मात्र नंतर उकळत्या पाण्यात जाई, आणि हे त्या पाहुण्यासमोरच सांगत.

सत्तरचं दशक संपत आलं होतं. वाशीत तेव्हा रेल्वे नव्हती. खाडीपुलावरून बसने मुंबईला जायचं आणि संध्याकाळी परतायचं. आमच्या तीन मजली इमारतीत गिरगाव-लालबागच्या खोल्या सोडून आलेली, कोकणातून आणि घाटावरून आलेली बिऱ्हाडं होती. सिस्टर पहिल्या मजल्यावर एकट्या राहत. अलिबागकडच्या. मुंबईत नर्सिंग शिकल्या, पंचविशीत इंग्लंडला गेल्या आणि उत्तरेकडच्या एका शहरात संसर्गजन्य रोगांच्या रुग्णालयात वीसेक वर्षं काम करून आजारी आईसाठी परत आल्या. आई गेली, सिस्टर राहिल्या. लग्न केलं नव्हतं. फिक्या रंगाची सुती साडी नेसत आणि खांद्याजवळ उलटं टांगलेलं लहानसं घड्याळ पिनेने लावत. ऐंशीचं दशक सरताना त्या अलिबागला परत गेल्या आणि तिथेच वारल्या. त्यांची ओळख सांगायला आता आम्ही शेजारीच उरलो आहोत.

माझी त्यांच्याशी पहिली भेट झाली तेव्हा माझे डोळे आले होते. नव्या घरातला नळ गळत होता, पाना मागायला गेलो. गॉगल पाहताच त्यांनी दार अर्ध्यावर थांबवलं. "गॉगलने तुमच्या डोळ्यांना आराम पडेल, माझ्या नाही," असं म्हणून त्यांनी पाना वर्तमानपत्रावर ठेवून पायाने पुढे सरकवला. "परत देऊ नका. आठ दिवस तुमच्याकडेच राहू दे." मी वर्तमानपत्रात काम करतो हे कळल्यावर त्या म्हणाल्या, "मग तर जास्तच जपा. दिवसभर किती जणांचे कागद हाताळता?" असा विचार मी तोवर केला नव्हता.

पुढे आमच्या रविवारच्या पुरवणीसाठी पाश्चात्त्य देश साथी कशा आवरतात यावर लेख हवा होता. मी सिस्टरांकडे गेलो. तिन्ही प्रश्नांना नाही म्हणून आत बसलो.

"तिकडची माणसं स्वच्छ असतात म्हणून, असं लिहिणार असाल तर चहा पिऊन जा," त्या म्हणाल्या. "आठवड्यातून एकदा आंघोळ करणाऱ्यांच्यात मी वीस वर्षं काढली आहेत."

"मग कशाने आवरतात?"

"चौकशीने."

त्यांचं म्हणणं असं होतं. रोग्याला बरं करणं हे अर्धं काम. तो काल कुठे बसला, कोणाशी बोलला, कोणाच्या घरी जेवला, हे विचारत फिरणं हे दुसरं अर्धं. विषाणूच्या बहुतेक रोगांवर औषध नसतंच, त्यामुळे तिथे हे दुसरं अर्धंच पूर्ण काम होऊन बसतं. काही रोग आढळले की डॉक्टरने शहराच्या आरोग्याधिकाऱ्याला कळवायचं, असा तिथे कायदा होता. कळवलं की त्याच दिवशी माणूस दारात. "विषाणूला पाय नसतात. पाय आपण देतो," हे त्यांचं आवडतं वाक्य. "कोणाचे पाय, एवढंच शोधायचं असतं."

त्या दुपारी त्यांनी बरंच सांगितलं. जुन्या काळी रोग्याच्या दारावर नगरपालिकेचा कागद चिकटवत. त्या घरातून वाचनालयाचं पुस्तक परत घेत नसत. पोलिओच्या उन्हाळ्यात पोहण्याचे तलाव ओस पडत. मुलांच्या कक्षाला बाहेरून काचेच्या खिडक्या होत्या. आईबाप बागेत उभे राहून काचेतून हात हलवत, आत येणं नाही. मला वृत्तपत्रातला म्हणून त्यांनी आणखी एक गोष्ट सांगितली. त्यांच्या आधीच्या पिढीतल्या नर्सना आठवत होतं की, दाखल झालेल्या प्रत्येक मुलाला एक क्रमांक देत आणि संध्याकाळच्या स्थानिक पत्रात ते क्रमांक छापून येत. अमुक अत्यवस्थ, अमुक जैसे थे, अमुक सुधारत आहे. आईबापांनी रुग्णालयाच्या दाराशी गर्दी करू नये म्हणून ही सोय. आई रोज पत्र विकत घेऊन आपल्या मुलाचा क्रमांक शोधायची. मी हे आमच्या वृत्तसंपादकांना सांगितलं. ते म्हणाले, "आपल्याकडे जागा पुरणार नाही."

"आणि लोक खरं सांगतात?" मी विचारलं.

"छे. एका गृहस्थांना देवी निघाल्या. गृहस्थ म्हणाले, मी रविवारी चर्चमध्ये होतो. चर्चमधल्या झाडून सगळ्यांना आम्ही टोचलं. पुढचा रोगी निघाला तो कुत्र्यांच्या शर्यतीतला. गृहस्थ तिथे होते, आणि बायको शेजारी बसलेली म्हणून चर्च म्हणाले." सिस्टर हसल्या नाहीत. "तेव्हापासून आमचा नियम झाला. प्रश्न एकट्याला विचारायचा. घरातलं दुसरं माणूस समोर असलं की उत्तर त्या माणसासाठी असतं, आपल्यासाठी नसतं."

त्याच साथीत त्या बसमधून ड्यूटीवर जात असताना त्यांच्या शेजारची जागा रिकामी राहायची. देवी बाहेरच्या देशातून आल्या, हे लोकांनी वाचलं होतं, आणि सिस्टरांचा रंग लपण्यासारखा नव्हता. "राग आला?" मी विचारलं. "नाही," त्या म्हणाल्या. "अंतर ठेवत होते ते बरोबर होतं. माणूस चुकीचं निवडलं होतं."

लेख छापून आला. इमारतीत तो चारदोन जणांनी वाचला आणि सिस्टरांच्या दाराशी होणाऱ्या चौकशीला एक प्रकारची मान्यता मिळाली.

दोनतीन वर्षांनी, संक्रांतीच्या सुमारास, इमारतीतल्या मुलांच्या अंगावर फिकट पुरळ दिसू लागलं. ताप जेमतेम. मुलं दोन दिवस कुरकुरत आणि तिसऱ्या दिवशी खाली क्रिकेट खेळत. नाक्यावरच्या डॉक्टरांनी उष्णता म्हणून सांगितलं, सब्जाचं पाणी द्यायला सांगितलं. सिस्टरांनी जिन्यात एका मुलीला थांबवून तिच्या कानांमागे बोटं फिरवली. गाठी लागल्या. त्या तशाच वर आमच्याकडे आल्या.

"जर्मन गोवर आहे," त्या म्हणाल्या. "मुलांना काही होत नाही. मला मुलांची काळजीच नाही."

हे कोडं त्यांनीच उलगडलं. हा विषाणू मुलाला पुरळ देऊन निघून जातो. पण गर्भारपणाच्या पहिल्या तीनचार महिन्यांत त्याने बाईला गाठलं, तर पोटातल्या जिवाचे कान, डोळे, हृदय यांतलं काहीही बिघडू शकतं. आई ठणठणीत राहते. कित्येकदा तिला पुरळही उठत नाही. इंग्लंडमध्ये एके काळी आया आपल्या मुलींना हा रोग लहानपणीच होऊन जावा म्हणून मुद्दाम पार्टी ठेवत. केक, फुगे, आणि मधोमध पुरळ आलेली मुलगी. नंतर लस निघाली, ती शाळेतच मोठ्या मुलींना देऊ लागले. आणि गर्भार बाई दवाखान्यात आली की तिच्या रक्तावरून पाहत, पूर्वी होऊन गेला आहे की नाही. "आपल्याकडे यातलं काहीच नाही," सिस्टर म्हणाल्या. "आपल्याकडे एकच करता येईल. इमारतीत कोणाला दिवस गेले आहेत ते कळलं, तर तिला मुलांपासून दूर ठेवता येईल."

रथसप्तमीच्या आदल्या दिवशी दुसऱ्या मजल्यावर शिंद्यांकडे हळदीकुंकू होतं. शिंदे कुटुंब साताऱ्याकडचं. मुलगा वसंत नावड्याजवळच्या कारखान्यात पाळीवर जाई. सून सुनंदा शांत, नीटनेटकी मुलगी. घरावर सत्ता वसंतच्या आईची. त्यांना सगळे आक्का म्हणत. सिस्टर हळदीकुंकवाला जात नसत, त्या दिवशी गेल्या. माझी पत्नी तिथे होती, पुढचं तिच्याकडून कळलं.

तिळगूळ वाटून झाल्यावर सिस्टर मध्येच उभ्या राहिल्या आणि त्यांनी सगळा प्रकार दोन मिनिटांत, नर्सला शोभेल अशा भाषेत सांगितला. मग विचारलं, "तुमच्यापैकी कोणाला दिवस गेले आहेत का? पहिला, दुसरा महिना असेल तरी सांगा."

बांगड्यांचाही आवाज थांबला, असं माझी पत्नी म्हणते.

सिस्टरांची नजर नव्या सुनांवरून फिरली. "सुनंदा, तुला?"

सुनंदाने आधी आक्कांकडे पाहिलं. "नाही, सिस्टर."

"अवो, असलं चारचौघींत इचारत्यात व्हय?" आक्का म्हणाल्या. "सणासुदीचं बायका आल्यात. काय ते पुरळ न् गाठी. घ्या, कॉफी घ्या."

तिसऱ्या मजल्यावरच्या साळवी वहिनींनी वातावरण सैल करायला म्हटलं, "सिस्टर, टेन्शन नका घेऊ हो. आमच्या मिलिंदला पण उठलं तर मी तुम्हालाच दाखवीन."

सिस्टर कॉफी न घेता खाली गेल्या.

सुनंदाला तेव्हा दुसरा महिना संपत आला होता. दोन वर्षांपूर्वी तिला पहिल्यांदा दिवस गेले होते. आनंदाच्या भरात तिने माहेरी, शेजारी, सगळ्यांना सांगितलं आणि तिसऱ्या महिन्यात गर्भपात झाला. नजर लागली, हा आक्कांचा निष्कर्ष होता. या खेपेला तिसरा महिना पुरता होईपर्यंत वसंतखेरीज कोणाला कळू द्यायचं नाही, अशी त्यांनी सक्त ताकीद दिली होती. तसं पाहिलं तर ही ताकीद आक्कांची एकट्यांची नव्हती. तीन महिने बोलायचं नाही ही रीत आपल्याकडे घरोघर आहे. मग तिसऱ्या महिन्यात चार जवळच्या बायका बोलावून, गाजावाजा न करता ओटी भरायची. नावच चोरओटी. सिस्टरांनी वीस वर्षं ज्या समाजात चौकशी केली तिथे ही रीत नव्हती, आणि अलिबाग सोडताना त्या अशा बैठकीत बसण्याच्या वयाच्या किंवा स्थितीच्या नव्हत्या.

पंधरवड्याने सुनंदाची चोरओटी झाली. सिस्टरांना बोलावणं नव्हतं. साळवी वहिनी होत्या, कारण त्या लेकुरवाळ्या, आणि त्यांचा दोन वर्षांचा मिलिंद होता, कारण शिंद्यांच्या घरच्या रिवाजाप्रमाणे ओटी भरताना बाईच्या मांडीवर गुटगुटीत मूल बसवत. मिलिंद थोडा किरकिरत होता. सुनंदाने त्याला पदरात घेतलं, त्याचा गाल आपल्या गालाला लावला, त्याच्या हातून नारळाला हात लावून घेतला. दुसऱ्या दिवशी सकाळी मिलिंदच्या चेहऱ्यावर आणि छातीवर फिकट पुरळ होतं.

साळवी वहिनी कबूल केल्याप्रमाणे मुलाला घेऊन सिस्टरांकडे गेल्या. सिस्टरांनी नेहमीचा प्रश्न केला, "काल कोणाकडे होता?"

"कुठेच नाही. घरीच होता," साळवी वहिनी म्हणाल्या. आक्कांनी शपथ घातली होती.

सुनंदाला अर्थातच हळदीकुंकवाच्या दिवशी ऐकलेला शब्द न् शब्द आठवत होता. तिने मिलिंदचं पुरळ जिन्यात पाहिलं आणि कोणाला काही बोलली नाही. पुढे एकदा तिला दोन दिवस अंग मोडून आल्यासारखं वाटलं. ते गर्भारपणाचं की आणखी कशाचं, हे तिला ठरवता आलं नाही. असे सहाएक आठवडे गेले. साडीच्या निऱ्या झाकू शकतील त्याच्या पलीकडे पोट आल्यावर, एका दुपारी, आक्का देवळात गेल्या असताना ती पहिल्या मजल्यावर उतरली.

सिस्टरांनी कडीवर हात ठेवून विचारलं, "घरी सगळे बरे?"

"माहीत नाही," सुनंदा म्हणाली. "तेच विचारायला आले आहे."

सिस्टरांनी तिचं पूर्ण ऐकून घेतलं. एकदाही रागावल्या नाहीत. शेवटी एवढंच म्हणाल्या, "पहिल्याच आठवड्यात आली असतीस, तर रक्तावरून सांगता आलं असतं. आता रक्त हो म्हणेल, पण केव्हाचं ते सांगणार नाही."

तरीही त्यांनी रक्त काढलं. मुंबईत ही तपासणी फार थोड्या ठिकाणी होई. एका प्रयोगशाळेत त्यांच्या ओळखीच्या डॉक्टरीणबाई होत्या. मी रोज त्या बाजूला जात असल्याने काचेची नळी बर्फ भरलेल्या थर्मासमधून मीच पोचवली. थर्मास मांडीवर घट्ट धरून खाडीपूल ओलांडताना सिस्टरांच्या सूचना आठवत होतो. हलवू नका, उन्हात ठेवू नका, कोणाला सांगू नका. निकाल आला तो सिस्टर म्हणाल्या होत्या तसाच आला. जर्मन गोवर झाल्याची खूण रक्तात होती. ती लहानपणीची असू शकत होती, आणि महिन्याभरापूर्वीचीही.

त्या संध्याकाळी सिस्टरांच्या खोलीत वसंत, सुनंदा आणि आक्का बसले होते. थर्मास परत द्यायला गेलो तो मीही अडकलो. स्त्रीरोगतज्ज्ञाने वसंतला सांगितलं होतं की धोका पत्करू नका, गर्भ काढून मोकळं व्हा, आणि काय ते याच आठवड्यात ठरवा.

"तुमी त्या दिशी बायकांत इचारलंत," आक्का सिस्टरांना म्हणाल्या, "तवाच माज्या काळजात चर्र झालं. तुमच्या तोंडातनं निघालं आन् हे झालं."

"आई, त्यांचा काय दोष?" वसंत म्हणाला.

"तू गप."

सिस्टर म्हणाल्या, "आक्का, मी विचारलं ते बरोबर होतं. विचारलं तिथे चुकलं. तुमच्यासमोर ती हो कशी म्हणणार होती? हा नियम मी इतरांना शिकवलेला आहे."

सुनंदा इतका वेळ खाली पाहत होती. "सिस्टर, माझ्या जागी तिकडची बाई असती तर तिने काय केलं असतं?"

"काही ठेवतात, काही नाही ठेवत. दोघींनाही मी चहा करून दिला आहे."

"धोका किती?"

"तिसऱ्या महिन्यात लागण झाली असेल तर बराच. झालीच नसेल तर काहीच नाही. झाली की नाही ते मला माहीत नाही. कोणालाच कळणार नाही. खोटा धीर देता येतो मला, शिकवलेला असतो. तुला नाही देणार."

मग सुनंदा म्हणाली, "ठेवायचं आहे."

आक्कांनी तिच्याकडे पाहिलं. "ऐकू न्हाय आलं तर?"

"तर मी त्याच्या समोर येऊन बोलेन."

निर्णय झाला. पुढच्या पाच महिन्यांत सिस्टरांमध्ये पडलेला फरक आम्हा शेजाऱ्यांना दिसत होता. त्या रोज संध्याकाळी दुसऱ्या मजल्यावर जात. सुनंदाचा रक्तदाब पाहत, पाय सुजले का ते बघत, आणि मग स्वयंपाकघरात आक्कांसमोर पाटावर बसत. तिथे प्रश्न सिस्टरांचे असत आणि उत्तरं आक्कांची. बाई दिवस गेल्याचं पहिलं कोणाला सांगते? नवऱ्याला की सासूला? माहेरी केव्हा कळवायचं? चोरओटीला कोणाकोणाला बोलावतात आणि कोणाला टाळतात? आक्का आधी तुटक बोलत, मग रंगात येऊन बोलू लागल्या. "तुमास्नी एवढं शिकून हे म्हाईत न्हाय?" असं त्या विचारत आणि सिस्टर सरळ "नाही" म्हणत. मला त्या एकदा म्हणाल्या, "तिकडची चौकशी मी जशीच्या तशी उचलून आणली. इथे बायका कधी बोलतात आणि कधी बोलत नाहीत, त्याची चौकशी केलीच नाही. चौकशीतली पहिली चौकशी राहिली."

भाद्रपदात सुनंदाला मुलगी झाली. रुग्णालयातच सिस्टरांनी बॅटरीच्या उजेडात तिचे डोळे पाहिले. बुबुळं स्वच्छ होती. डॉक्टरांनी हृदयाचे ठोके ऐकून समाधान व्यक्त केलं. कान राहिले. तान्ह्या मुलाच्या कानांची नेमकी तपासणी करायचं साधन तेव्हा आमच्या आसपास नव्हतं.

मुलगी घरी आली आणि शिंद्यांच्या घरात एक चमत्कारिक शांतता सुरू झाली. कोणी भांडं आपटत नव्हतं. कुकरची शिटी होण्याआधी बाळाला आतल्या खोलीत नेत. वसंत दार हलकेच लोटून घेई. पाहुण्यांना वाटे, बाळाला किती जपतात. खरं कारण माझ्या पत्नीच्या लक्षात आलं. आवाज झाला आणि बाळ हललं नाही, तर? तो क्षण प्रत्येक जण पुढे ढकलत होता. सिस्टरही. त्यांना एक टाळी वाजवून निदान काही अंदाज घेता आला असता. त्यांनी ती वाजवली नाही.

बारशाला मात्र टाळणं शक्य नव्हतं. पाळण्याखालून गोविंद-गोपाळ झाले. आत्याने वाकून बाळाच्या कानात कुर्र करून नाव सांगितलं, मेधा. बायकांनी रीतीप्रमाणे आत्याच्या पाठीत धपाटे घातले. त्या गलक्यात बाळाचं काय झालं ते कोणाला दिसलं नाही. आक्कांच्या गावी नाव ठेवल्यावर थाळी वाजवत. त्या स्वयंपाकघरातून पितळी थाळी आणि लाटणं घेऊन आल्या, पाळण्याजवळ थांबल्या आणि दाराशी उभ्या असलेल्या सिस्टरांकडे पाहून म्हणाल्या, "वाजवू का?"

सिस्टर म्हणाल्या, "तिला दिसणार नाही अशी. डोक्याच्या मागून."

सुनंदाने पाळण्याची दोरी सोडली. बायका आपोआप गप्प झाल्या. आक्कांनी थाळीवर लाटणं मारलं.

मेधाचे दोन्ही हात झटक्यात वर गेले, तोंड वेडंवाकडं झालं आणि तिने टाहो फोडला. बारशात मूल रडू लागलं की त्याला उचलायला चार बायका धावतात. त्या दिवशी बराच वेळ कोणीही धावलं नाही. सगळ्या जणी उभं राहून ते रडणं ऐकत होत्या. आक्कांनी थाळी खाली ठेवली आणि पदराने डोळे पुसले.

सिस्टर माझ्या पत्नीला हळूच म्हणाल्या, "निदान एक कान तरी ऐकतो. दुसऱ्याचं मागाहून बघू." पुढची दोन वर्षं त्या कधी उजवीकडून, कधी डावीकडून खुळखुळा वाजवत राहिल्या. दोन्ही कान ठीक आहेत याबद्दल त्यांची खात्री व्हायला इतका अवधी लागला.

सुनंदाला लागण झाली होती का, हे कधीच कळलं नाही. पुढच्या संक्रांतीला मुलांच्या अंगावर पुन्हा पुरळ दिसलं, तेव्हा सिस्टर तडक आक्कांकडे गेल्या. मी तिथे वसंतशी बोलत बसलो होतो.

"आक्का, या वेळी कसं विचारू?"

"इचारायचंच कशाला?" आक्का डाळ निवडता निवडता म्हणाल्या. "आमच्याकडं गोवर आला की दाराला लिंबाचा पाला बांधत्यात. पाला दिसला की पोटुशी बाई उंबरा वलांडत न्हाय. तिला कुनी इचारत न्हाय, ती कुनाला सांगत न्हाय."

सिस्टर पाटावर बसल्या. त्यांनी तीन वेळा ते बारकाईने विचारून घेतलं. पाला किती दिवस ठेवतात, कोण काढतं, लेकुरवाळ्या बाया आत जातात का. मग म्हणाल्या, "आम्ही धोका असणारीला शोधत होतो. हे तर सगळ्याच जणी गर्भार आहेत असं धरून चालणं झालं."

"आता ते तुमचं तुमी बगा," आक्का म्हणाल्या.

वसाहतीतली कडुलिंबाची झाडं तेव्हा कमरेएवढी होती. पाला मासळीवाल्या पार्वतीबाईंनी वाशी गावातून आणून दिला. "आमचे दारान मोठा लिंब हाय, पाहिजे तवरा न्या," म्हणाल्या. साळवी वहिनींना प्रश्न पडला की सोसायटीत शिकलेले लोक राहतात, ते अंधश्रद्धा म्हणतील. सिस्टर म्हणाल्या, "म्हणू देत. दारावर कागद लावला तर तुम्ही तो फाडून टाकाल. पाला कोणी फाडत नाही." साळवींच्या घरी मिलिंदच्या मोठ्या बहिणीला पुरळ उठलं तेव्हा पहिली डहाळी त्यांच्याच दाराला लागली. ताप उतरला तरी सिस्टर सांगतील तोवर ती काढायची नाही, एवढी भर त्यांनी मूळ रिवाजात घातली.

त्याच आठवड्यात तळमजल्यावरची नवी सून स्टीलचा डबा घेऊन साळवींकडे निघाली होती. सिस्टर तिसऱ्या मजल्याच्या जिन्यात उभ्या होत्या, मी खाली उतरत होतो. मुलीची नजर चौकटीवरच्या पाल्याकडे गेली आणि ती वरच्या पायरीवरच थबकली.

साळवी वहिनी आतून म्हणाल्या, "अगं ये ना, उभी का?"

"नको, वहिनी. नंतर येते."

"का गं? काय झालं?"

"काही नाही. गॅसवर दूध ठेवलंय."

सिस्टर भिंतीला टेकून बाजूला झाल्या आणि त्यांनी तिला उतरायला वाट करून दिली.